घरातले प्रवाळ: एका टाकीची पावणेदोनशे वर्षे

प्रवाळ-मत्स्यालय म्हणजे जिवंत प्रवाळ, त्यांना आधार देणारे खडक आणि त्यांच्या संगतीने राहणारे थोडे मासे, शंख, खेकडे यांची खाऱ्या पाण्याची टाकी. गोड्या पाण्यात गप्पी किंवा गोल्डफिश पाळणे आणि अशी टाकी चालवणे यांत फार अंतर आहे. मासा पाण्यातला थोडाफार बिघाड सोसतो, प्रवाळ सोसत नाही. त्याला लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले आणि २५ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर राहणारे पाणी लागते. सांगाडा बांधायला लिटरमागे चारशेहून थोडे अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, भरपूर उजेड लागतो आणि सतत हलते पाणी लागते. त्याच पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट मात्र जवळजवळ नसावे लागतात. उष्ण कटिबंधातला प्रवाळांभोवतीचा समुद्र निळा आणि नितळ दिसतो, तो त्यात विरघळलेले खाद्य इतके कमी असते म्हणूनच. चार भिंतींच्या आत, माशांना रोज खाऊ घालत, असे पाणी टिकवायचे हा या छंदातला खरा पेच आहे.

आज पहिली टाकी मांडणाऱ्याला कामाचा क्रम तयार मिळतो. आधी जागा, वजन आणि टाकीचे माप ठरते. मग गाळलेल्या शुद्ध पाण्यात मीठ कालवले जाते आणि खडक रचले जातात. त्यानंतर काही आठवडे टाकी माशांविना नुसती चालू ठेवतात. मग एखाद-दुसरा कणखर मासा येतो, पाठोपाठ मऊ प्रवाळ, आणि कठीण सांगाड्याचे प्रवाळ सर्वांत शेवटी. या क्रमातली प्रत्येक पायरी कुणाच्या तरी नासलेल्या टाकीतून शिकली गेली आहे. त्या साऱ्या धड्यांत एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. टाकी धुऊन-पुसून जितकी निर्जीव केली तितके तिच्यातले नाजूक जीव लवकर मेले. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांना तिथे बिऱ्हाड करू दिले, तेव्हा ते जगले.

समुद्रातला जीव घरात पाळण्याची आरंभीची रीत अगदी सरळ होती: पाणी रोज बदलायचे. एडिंबरोचे निसर्ग-अभ्यासक सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी) आणून काचेच्या बरणीत ठेवले आणि त्याला रोज समुद्राचे ताजे पाणी दिले. ‘ग्रॅनी’ म्हणजे आजी या नावाने ते प्रसिद्ध झाले. डॅलिएल १८५१ मध्ये वारले, पण आजी पुढच्या अभ्यासकांच्या हाती जात १८८७ पर्यंत जगली. त्याच काळात सिसिलीतल्या मेसिना बंदरात झान विल्प्रो-पॉवर या फ्रेंच बाईंनी १८३२ पासून काचेच्या टाक्यांत आर्गोनॉट नावाचे अष्टपाद ठेवून, ते आपला पातळ शंख स्वतःच बनवतात हे सिद्ध केले. मेसिनाला समुद्र दाराशी होता आणि एडिंबरोलाही तो फार लांब नव्हता. समुद्रापासून दूरच्या शहरात काय करायचे, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही.

तो पडला अ‍ॅना थिन यांना. त्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील एका वरिष्ठ धर्माधिकाऱ्याच्या पत्नी. १८४६ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की इथे त्यांना खडकावर वाढलेले लहानसे प्रवाळ दिसले आणि ते लंडनला न्यायचे त्यांनी ठरवले. प्रवासात प्रवाळ बरणीच्या तळाशी आपटून जखमी होऊ नयेत आणि त्यांच्याभोवती पाणी खेळते राहावे, म्हणून त्यांनी ते सुई-दोऱ्याने एका स्पंजावर शिवून घेतले. दगडी बरणीतून आलेले हे प्रवाळ घरी काचेच्या भांड्यांत गेले. सोबत आणलेले समुद्राचे पाणी संपत आले आणि रोज नवे मिळणे शक्य नव्हते. तेव्हा घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. पाण्यात हवा मिसळली पाहिजे एवढे बाईंनी ताडले होते. पुढच्या वर्षी त्यांनी भांड्यांत समुद्रशेवाळ घातले आणि ओताओतीचे काम बरेच हलके झाले. त्यांचे प्रवाळ जगले, वाढले, त्यांना पिल्लेही झाली. त्यांवरचा त्यांचा लेख १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला.

न बदललेल्या पाण्यावर समतोलाने चाललेली समुद्री टाकी म्हणून इतिहासात पहिला मान याच भांड्यांना द्यावा लागतो, आणि तिच्यात मासे नव्हते, प्रवाळ होते. मात्र हे थंड पाण्यातले, एकेकटे राहणारे प्रवाळ. उष्ण समुद्रात भिंती उभारणाऱ्या प्रवाळांना तीव्र उजेड लागतो, तसा यांना लागत नाही. बाईंना यश मिळाले त्यात या जातीच्या काटकपणाचा वाटा होता. त्या यशातून हौशी लोकांना वाटले की हवा आणि शेवाळ जमले की समुद्र जमला. हा समज पुढे शंभर वर्षे टिकला.

त्या समजाला शास्त्राचा आधार दिला रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी. लंडनच्या अपोथेकरीज हॉलमध्ये काम करणाऱ्या वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला: एका टाकीत दोन गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि काही गोगलगाई. माशाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेते, तिने सोडलेला प्राणवायू माशाला मिळतो आणि सडकी पाने गोगलगाई खातात. दोन वर्षांत त्यांनी हाच समतोल खाऱ्या पाण्यातही साधला. फिलिप हेन्री गॉस यांनी तो लोकप्रिय केला. मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडले, १८५४ मध्ये गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले, आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची लाट आली. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, रेल्वेने किनारा जवळ आणला होता. लाटेला दोन्ही गोष्टी पोषक ठरल्या.

गॉस यांनी घरच्या घरी समुद्राचे पाणी बनवण्याची कृतीही दिली. तिच्यात चार क्षार होते: साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. कॅल्शियमचा क्षार त्यांनी वेगळा घातलाच नाही. समुद्रफुलांचे आणि शेवाळांचे त्यावाचून फारसे अडले नाही, पण जो प्राणी आपले घर चुन्याचे बांधतो त्याला असल्या पाण्यात फार दिवस काढता आले नसते. लंडनपासून हजारो मैलांवरचे प्रवाळ त्या काळी कुणी जिवंत आणूच शकत नव्हते, म्हणून ही उणीव कुणाला जाणवली नाही.

लाट जशी आली तशी १८६० च्या दशकात ओसरली. उन्हात ठेवलेल्या टाक्या तापत, अंधारात ठेवलेल्यांतले शेवाळ मरे, आणि एका मेलेल्या शिंपल्यामागे सारे पाणी एका रात्रीत दुर्गंधी होई. किनाऱ्याची मात्र हानी झालीच. डेव्हनच्या खडकांमधली डबकी हौशी संग्राहकांनी कशी ओरबाडून नेली, हे गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ मध्ये आपल्या आत्मचरित्रात दुःखाने नोंदवून ठेवले आहे. या छंदाने जिवंत किनारा रिता करण्याची ती पहिली वेळ होती. दुसरी वेळ शंभर वर्षांनी आली आणि ती कितीतरी मोठी होती.

घराघरांतल्या टाक्या गेल्या, सार्वजनिक मत्स्यालये राहिली. विल्यम अल्फोर्ड लॉइड या लंडनच्या टाकी-विक्रेत्याने आधी हॅम्बुर्गला आणि १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एक नवी मांडणी बसवली. दर्शनी टाक्यांतल्या पाण्याच्या कित्येक पट पाणी तळघरात अंधारात साठवायचे आणि पंपाने ते अखंड फिरवत ठेवायचे. आंतोन डोर्न यांनी इटलीत नेपल्सला उभारलेल्या प्राणिशास्त्र केंद्राचे मत्स्यालय १८७४ मध्ये लोकांसाठी उघडले, त्यालाही लॉइड यांचा सल्ला होता. आजच्या टाकीखालच्या कपाटात बसवलेली दुसरी टाकी, जिला सारे ‘संप’ म्हणतात, ती लॉइड यांच्या तळघराचीच धाकटी आवृत्ती आहे.

पाणी एकाएकी का नासते, याचे उत्तर टाक्यांच्या बाहेर, शेतीच्या आणि सांडपाण्याच्या अभ्यासातून आले. पॅरिसमध्ये श्लेसिंग आणि म्युंत्झ यांनी १८७७ मध्ये वाळूतून सांडपाणी झिरपू दिले. सुरुवातीचे दिवस काहीच घडले नाही. मग पाण्यातल्या अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. त्यात क्लोरोफॉर्म सोडताच ती क्रिया थांबली, म्हणजे काम रसायनाचे नव्हते, जीवाणूंचे होते. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट असे हे काम दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या जीवाणूंकडून होते, हे इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड शेती-प्रयोगशाळेत दाखवणारे शास्त्रज्ञ होते रॉबर्ट वॉरिंग्टन. टाकीच्या समतोलाचा सिद्धान्त मांडणाऱ्या वॉरिंग्टन यांचे हे पुत्र. वडिलांच्या समतोलात वनस्पती होती, मासा होता, गोगलगाय होती. ज्यांच्यावाचून टाकी चालत नाही ते जीवाणू मुलाच्या कामातून पुढे आले. ते वेगळे काढून वाढवणे १८९० मध्ये सर्गेई विनोग्राद्स्की यांना साधले.

आज नवी टाकी काही आठवडे माशांविना चालवतात, ती याच दोन जीवाणूंसाठी. त्यांची वस्ती वाळूवर आणि खडकावर जमेपर्यंत अमोनिया वर चढतो, मग उतरतो. त्याच्यामागून नायट्राइट चढतो आणि उतरतो. दोन्ही शून्यावर आले की टाकी माशांसाठी तयार. बाजारात मिळणाऱ्या चाचणी-संचातली काचेची नळी आधी हिरवी होते आणि पुढे रोज थोडी फिकी पडत जाते, हे पाहणे हाच त्या दिवसांतला उद्योग. पहिल्या टाकीतले बहुतेक मृत्यू हे दिवस टाळल्यामुळे होतात. हे ज्ञान शास्त्रज्ञांकडे १८९० पर्यंत आले होते, पण हौशी लोकांच्या हाती पडायला पुढची कित्येक दशके गेली.

मधल्या काळात खाऱ्या पाण्याच्या टाकीने उलटी वाट धरली. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानवाहतूक वाढली, प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, आणि सिलोन व फिलिपिन्समधले रंगीत मासे अमेरिका-युरोपच्या दुकानांत पोहोचले. फ्लोरिडाचे रॉबर्ट स्ट्रॉगन यांचे घरगुती खाऱ्या टाकीवरचे पुस्तक १९५९ मध्ये निघाले आणि तळच्या वाळूखालून पाणी ओढणारी गाळणी रूढ झाली. १९६० च्या दशकात सिलिकोनने जोडलेल्या सबंध काचेच्या टाक्या निघाल्या, तेव्हा गंजून पाण्यात विष सोडणारी धातूची चौकट गेली. १९६४ पासून अमेरिकेतल्या ओहायो राज्यात बनणाऱ्या ‘इन्स्टंट ओशन’ या मिठामुळे समुद्रापासून कितीही दूर खारे पाणी कालवता येऊ लागले, आणि या वेळी त्यात कॅल्शियम होते.

पण टाकीत ठेवायचे काय, याची कल्पना निर्जीवपणाची होती. समुद्रातून काढलेले प्रवाळांचे सांगाडे ब्लीचमध्ये बुडवून पांढरेशुभ्र करायचे, ते शोभेला मांडायचे, आणि हिरवट शेवाळ धरले की पुन्हा ब्लीचमध्ये घालायचे. माशांना रोग झाला की पाण्यात तांब्याचे औषध. तांब्याने माशांवरचे परजीवी मरत, आणि प्रवाळ, कोळंबी, शंख यांच्यापैकी काही टाकीत असलेच तर तेही मरत. जिवंत प्रवाळांसाठी अशा टाकीत जागाच नव्हती.

मुंबईतले तारापोरवाला मत्स्यालय याच काळातले. मरीन ड्राइव्हवर, समुद्रासमोर, तारापोरवाला यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या वास्तूचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केले. मराठी घरांतल्या तीन पिढ्यांनी समुद्रातला जिवंत मासा काचेआड पहिल्यांदा पाहिला तो इथे. जगातल्या बहुतेक सार्वजनिक मत्स्यालयांप्रमाणे इथलाही नायक मासाच होता.

तोवर दोन ठिकाणी वेगळे काही घडत होते. न्यू कॅलेडोनियातल्या नुमेआ शहरात रने काताला यांनी १९५६ मध्ये मत्स्यालय उघडले आणि समुद्राच्या ताज्या वाहत्या पाण्यावर भिंती बांधणारे उष्ण समुद्रातले प्रवाळ वर्षानुवर्षे जगवले. अतिनील प्रकाशाखाली त्यातले काही हिरवे-नारिंगी चमकतात हे त्यांनी दाखवले, तेव्हा साऱ्या जगाचे तिकडे लक्ष गेले. मात्र काताला यांची पद्धत समुद्राकाठीच चालणारी होती.

दुसरे ठिकाण जाकार्ता. तिथले ली चिन एंग यांनी आपली पद्धत १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात मांडली. त्यांच्या टाकीत यंत्र असे जवळजवळ नव्हतेच. समुद्रातून काढलेले खडक ते न धुता, त्यांवरच्या स्पंज, अळ्या, शेवाळ, शंखांसकट टाकीत ठेवत. तळाला वाळू, वरून ऊन, आणि बारीक नळीतून येणारे हवेचे बुडबुडे, बस. अशा टाकीत त्यांचे मासे तर जगलेच, प्रवाळ आणि समुद्रफुलेही जगली. खडकाच्या सच्छिद्र पोटात काय चालते ते पुढे कळले. बाहेरच्या थरात, जिथे प्राणवायू पोहोचतो, अमोनियाचे नायट्रेट होते. आत, जिथे तो पोहोचत नाही, दुसरे जीवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून नायट्रोजन वायू मोकळा करतात. स्ट्रॉगन यांच्या काळातली गाळणी नायट्रेटपाशी थांबत होती, खडक काम पुरे करत होता. या छंदाच्या इतिहासात एकाच माणसाला सर्वाधिक श्रेय द्यायचे झाले तर ते ली यांना द्यावे. युरोप-अमेरिकेत मात्र त्यांच्या पद्धतीकडे बरीच वर्षे दुर्लक्ष झाले. एक कारण असे की जाकार्तात ऊन आणि स्वच्छ समुद्र फुकट होता, तो क्लीव्हलंड किंवा हॅम्बुर्गमध्ये नव्हता.

प्रवाळांना उजेड का लागतो, हे कोडे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत उलगडले. समुद्रातल्या काही प्राण्यांच्या ऊतींत दिसणारे पिवळट-तपकिरी कण म्हणजे एकपेशीय शैवाल, हे जर्मनीत कार्ल ब्रांट यांनी १८८१ मध्ये दाखवले होते. १९२८-२९ मध्ये सी. एम. यंग यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेने प्रवाळ काय खातात याचा कसून अभ्यास केला. यंग यांचे मत पडले की प्रवाळ केवळ मांसाहारी आहेत आणि शैवाल त्यांचा मळ वापरते, त्यांना अन्न देत नाही. हे मत पुढे टिकले नाही. १९५० च्या दशकात थॉमस आणि नोरा गोरो या दाम्पत्याने किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवले की प्रवाळ उजेडात अंधारापेक्षा कितीतरी वेगाने सांगाडा बांधतात, आणि शैवालाने तयार केलेले अन्न यजमान प्राण्याला मिळते हेही इतर प्रयोगांतून सिद्ध झाले. म्हणजे प्रवाळाच्या टाकीत दिवा शोभेसाठी नसतो, ते त्याचे जेवण असते. साध्या ट्यूबलाइटखाली मऊ प्रवाळ कसेबसे तग धरत, कठीण सांगाड्याचे उपासमारीने झिजत. शेवटी रस्त्यावरच्या आणि कारखान्यांतल्या रोषणाईसाठी बनलेले मेटल हॅलाइडचे प्रखर दिवे टाकीवर टांगले गेले, आणि एलईडी येईपर्यंत तेच राहिले.

साऱ्या धाग्यांचा गोफ विणला गेला जर्मनीत आणि आसपासच्या जर्मन भाषिक मुलखात, १९७० आणि १९८० च्या दशकांत. तीन गोष्टी तिथे एकत्र आल्या. पहिली, प्रोटीन स्किमर. उभ्या नळीत अतिशय बारीक बुडबुडे सोडले की पाण्यात विरघळलेला सेंद्रिय मळ बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटतो, फेस होऊन वर चढतो आणि वरच्या वाडग्यात गडद तपकिरी, उग्र वासाचे पाणी होऊन साचतो. हा मळ अमोनिया होण्याआधीच टाकीबाहेर जातो, हे त्याचे मोल. गोड्या पाण्यात बुडबुडे लगेच एकमेकांत मिसळून मोठे होतात, म्हणून ही युक्ती खाऱ्या पाण्यातच नीट चालते.

दुसरी गोष्ट चुन्याची निवळी. टाकीतून रोज जेवढे पाणी वाफेने उडते ते गोडे असते, मीठ मागे राहते. म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालावी लागते. पेटर विल्केन्स यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात ही भर चुन्याच्या निवळीने करायला सांगितली. त्यामुळे प्रवाळांनी सांगाड्यासाठी उचललेले कॅल्शियम आणि पाण्याची क्षारता दोन्ही एकदमच भरून निघतात. निवळी इतकी दाहक की ती ओतून चालत नाही. थेंबाथेंबाने, बहुधा रात्री, सोडावी लागते. विड्याला चुना लावणाऱ्या घरात ज्याचा साठा सहज सापडेल त्या पदार्थाने प्रवाळ-टाकीचा सर्वांत अवघड प्रश्न सोडवला. तिसरी गोष्ट म्हणजे ली यांचे न धुतलेले, म्हणजेच जिवंत खडक. स्किमर, निवळी, जिवंत खडक आणि वरचे प्रखर दिवे, या मांडणीला बर्लिन पद्धत हे नाव पडले.

पद्धत खरी ठरल्याचा पुरावा बर्लिनच्याच एका टाकीत वाढला. दीट्रिख श्ट्यूबर या हौशी पालकाकडे अ‍ॅक्रोपोरा या शाखाळ प्रवाळाची वसाहत जोमाने फोफावली. तिच्या फांद्या तोडून त्यांनी मित्रांना दिल्या, मित्रांनी त्या दगडाला बांधून रुजवल्या आणि पुन्हा तोडून पुढे दिल्या. काही वर्षांत त्या एकाच प्रवाळाच्या शाखा जर्मनीभर आणि पुढे इतर देशांतही पसरल्या. समुद्रातून पुन्हा काही न आणता प्रवाळ हातोहात वाढवता येतो, हे हौशी लोकांनी यातून दाखवून दिले.

अमेरिकेला मात्र आधी दुसरेच वळण लागले. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट या डच लेखकाने तिथल्या एका मासिकात ‘मिनी रीफ’ची लेखमाला लिहिली, आणि प्लॅस्टिकच्या गोळ्यांवरून पाणी झिरपवणारी गाळणी घरोघरी गेली. अमोनिया ती झपाट्याने संपवी, पण नायट्रेटचे ढीग करी. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात वॉल्टर अ‍ॅडी यांनी १९८० पासून चालवलेली प्रवाळ-टाकी शेवाळावर चाले: उथळ तबकातल्या जाळीवर शेवाळ वाढवायचे, मुख्य टाकीत रात्र असताना त्याच्यावर उजेड ठेवायचा आणि ठरावीक दिवसांनी ते खरवडून फेकायचे. फ्रान्समध्ये नीस विद्यापीठाचे झां जोबेर यांनी वाळूच्या जाड थरालाच नायट्रेट संपवायला लावले आणि मोनॅकोच्या समुद्रशास्त्र संग्रहालयात मोठी टाकी तशी चालवून दाखवली. १९९४ मध्ये चार्ल्स डेल्बीक आणि ज्युलियन स्प्रंग यांच्या ‘द रीफ अ‍ॅक्वेरियम’चा पहिला खंड आला, त्यानंतर अमेरिकेतल्या हौशी लोकांनी प्लॅस्टिकचे गोळे काढून टाकायला सुरुवात केली. आजची सर्वसाधारण टाकी बर्लिनची, तिला अ‍ॅडी आणि जोबेर यांची थोडी जोड, असे म्हटले तर चूक होणार नाही.

या साऱ्या यशाची किंमत दूरच्या समुद्रांनी मोजली. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून मासे पकडायला खडकांच्या फटींत सायनाइडचा फवारा मारला जाऊ लागला. मासा गुंगतो, पकडला जातो, आणि फवारा पडलेला प्रवाळ मरतो. खडक आणि प्रवाळ टनावारी निघू लागले. फिलिपिन्सने प्रवाळांची निर्यात १९७७ मध्ये बंद केली. १९८५ पासून कठीण प्रवाळांची आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्री साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या कराराच्या परवान्याखाली येत गेली.

भारताचे प्रवाळ लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात इथे आहेत. महाराष्ट्रालगत मालवणच्या उथळ समुद्रात आणि विजयदुर्गपासून पश्चिमेला दूर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकवर. मन्नारच्या आखातात तर चुन्यासाठी आणि बांधकामासाठी प्रवाळ खणून काढले जात होते. २००१ मध्ये भित्ती बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोड्यांचे कुळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघाला जे संरक्षण तेच प्रवाळाला. भारतीय समुद्रातून प्रवाळ काढणे, विकणे किंवा बाळगणे हा तेव्हापासून गंभीर गुन्हा आहे, मग तो तुकडा मेलेला आणि किनाऱ्यावर पडलेला का असेना. कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने परदेशातून आलेल्या साइट्स यादीतल्या जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचीही तरतूद केली. त्यामुळे इथे पहिली टाकी आखताना मापाच्या आणि दिव्याच्याही आधी प्रश्न उगमाचा येतो: खडक कशाचा, प्रवाळ कुठला, कागद कोणते. कागद नसलेला प्रवाळ दुकानात कितीही उघडपणे मांडलेला असला तरी घेऊ नये. कृत्रिम खडकावर बाटलीतले जीवाणू सोडून टाकी उत्तम तयार होते, थोडा वेळ जास्त लागतो इतकेच. मासेही पैदाशीचे मिळतात: क्लाउनफिशची व्यापारी पैदास फ्लोरिडात मार्टिन मो यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी साधली, आणि भारतात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने अनेक जातींच्या क्लाउनफिशची पिल्ले उबवणी केंद्रात वाढवली आहेत.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत टाकी चालवण्याची ही विद्या समुद्राच्या उपयोगी पडू लागली आहे. फांदी तोडून वाढवलेले प्रवाळ सगळे एकाच वंशाचे असतात. विविधता हवी तर त्यांनी अंडी द्यायला हवीत, आणि समुद्रात ते बहुधा वर्षातून एकदा, ठरावीक ऋतूत, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींतच देतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी बंद टाकीत दिवसाची लांबी, पाण्याचे तापमान आणि चंद्राचा उजेड संगणकाने हुबेहूब पाळून अ‍ॅक्रोपोराला अंडी द्यायला लावले. त्याचा शोधनिबंध २०१७ मध्ये आला. ऑगस्ट २०१९ मध्ये फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियमने त्याच तंत्राने अटलांटिकमधल्या दुर्मीळ स्तंभ-प्रवाळाला प्रयोगशाळेत अंडी द्यायला लावले. फ्लोरिडाच्या प्रवाळ-भिंतीवर २०१४ पासून ऊती झडण्याचा रोग पसरत गेला, तेव्हा रोग न पोहोचलेल्या भागातले निरोगी प्रवाळ उचलून अमेरिकेतल्या अनेक मत्स्यालयांत आणि प्राणिसंग्रहालयांत नेण्यात आले. त्यांतली काही समुद्रापासून शेकडो मैल आत, नेब्रास्कासारख्या राज्यात आहेत. तिथे ते प्रवाळ कालवलेल्या मिठाच्या पाण्यात, स्किमर आणि दिव्यांच्या आधारावर, पुढच्या लागवडीचे बियाणे म्हणून जपले जात आहेत.